पांढरे धागे

धुळे, ४ डिसेंबर १९९४

चि. लोटन यास अनेक आशीर्वाद.

वि. वि. रस्त्यावरचा टँकर उलटून आईच्या वांग्यांच्या वाफ्यात डिझेल मुरलं, हे वाचून मी रडले. भरताच्या वांग्यांचं तिचं शेवटचं बी आबांनी राखेत जपलंय. ते त्याच वाफ्यात लावायचा त्यांचा हट्ट आहे, तेव्हा दुसरी जागा सुचवून त्यांना दुखवू नकोस. डॉक्टर काय म्हणाले ते त्यांना कळू दिलं नाहीस ना?

आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत तेल खाणाऱ्या जिवाणूंवर आणि बुरशीवरच माझं काम चाललंय. अळिंबी उगवून झालेलं गव्हाचं काड दोन पोती भरून एस.टी.ने पाठवतेय. कंडक्टरने नाक मुरडलं, तूही मुरडशील. शेणखतासह ते मातीत कालव. ओल ठेव, पण केळीसारखं पाणी तुंबवू नकोस, त्या जिवांना हवा लागते. उन्हाळ्यापर्यंत धीर धरावा लागेल.

आबांना नमस्कार सांग. माया आहे तशी राहू दे.

तुझी,
अक्का

असोदा, ३ जानेवारी १९९५

ती. अक्कास शि. सा. न.

वि. वि. तुझ्या कुजक्या काडाला सगळा गाव हसला. एवढी शिकून लोटनची बहीण उकिरडा पाठवते म्हणाले. तरी तू लिहिलंस तसंच केलं.

परवा वाफ्यावर पांढरे धागे पसरले, पिंजलेल्या कापसासारखे. मी जळगावला गेलो होतो. आबा काठी टेकत वाफ्यापर्यंत गेले. जन्मभर केळीवरच्या करप्याशी भांडलेला माणूस तो! रोग पडला म्हणून मोरचूद-चुन्याचं पाणी करून त्यांनी अख्खा वाफा भिजवला. घरी येऊन थरथरत खाटेवर पडले, पण चेहरा काय खुलला होता! अक्काले सांगजो, तिची माती मी वाचवली, असं पुन्हा पुन्हा म्हणत होते. आता ते धागे काळे पडलेत. बरंच झालं ना गं?

भावावर ओरडायचं असेल तर पत्रातच ओरड.

तुझा,
लोटन

धुळे, ८ जानेवारी १९९५

चि. लोटन यास आशीर्वाद.

हे पत्र आबांसमोर वाचू नकोस. ते धागेच औषध होतं रे. तेल तेच खात होते. पांढरं दिसलं तर भिऊ नका, एवढी एक ओळ लिहायचं मला सुचलं नाही. वरची माती खरवडून काढ, नवी पोती पाठवतेय. धागे परत आले की बारदान टाकून झाक, आबांना दिसू देऊ नकोस.

त्यांना एवढंच सांग, की अक्का म्हणते, तुमच्यामुळे वाफा वाचला. हे खोटं आहे, ठाऊक आहे मला. पण त्यांच्याकडे दिवस किती उरलेत, ते तुला-मला माहीत आहे.

दोघांना जीव लावणारी,
अक्का

असोदा, २० फेब्रुवारी १९९५

ती. अक्कास शि. सा. न.

वि. वि. तेरावं करून तू गेलीस आणि घर खायला उठलं. रडायला येतं, पण गुरांना पाणी पाजायचं असतं. आबा शेवटच्या दिवशीही विचारत होते, बुरशी परत आली का? मी नाही म्हणालो. तेव्हा ते खरंच होतं. मग त्यांनी राखेत जपलेल्या बियांची पुरचुंडी माझ्या हातात दिली.

आज सकाळी वाफ्यावर पांढरे धागे दिसले, पहिल्यापेक्षा दाट. मी धावत घरी आलो, बारदानं उचलली आणि आबांना दिसू नये म्हणून वाफा कोपऱ्या-कोपऱ्यापर्यंत झाकला. झाकून झाल्यावर घराकडे पाहिलं, तर ओट्यावर आबांची खाट रिकामी. मग तिथेच बांधावर बसून राहिलो.

आखाजीला ये. या वर्षी आबांच्या नावाची घागर भरायची आहे. आता रागावायलाही तूच उरलीस, तेव्हा रागावत जा.

तुझा,
लोटन