दहा सेकंद थांबणारा बोर्ड

भाईंदर पूर्व,
१२ फेब्रुवारी २००८

प्रिय काका,

तुमचं कार्ड येऊन दीड महिना झाला आणि मी आज लिहायला बसतोय. खरं सांगतो, सहा वेळा बसलो होतो. एकदा पेन चालेना म्हणून नवं आणायला खाली उतरलो, तर ओळखीचा टेम्पो दिसला, त्यात बसून पार चेण्याला पोचलो. तुम्ही म्हणाल, निकेतचं नेहमीचंच. पण यावेळी नुसतं तेवढं नाही. तुम्ही लिहिलंय, लांज्यात वीज येते-जाते, त्यात कॉम्प्युटरची डिस्क गेली, आणि तुमच्या बूटलोडरची, चिपमध्ये बसणाऱ्या त्या छोट्या प्रोग्रामची, आता एकच प्रत उरलीय, माझ्याकडच्या सर्किट बोर्डात. ती काढून पाठव, हायस्कूलच्या सुगंधाबाईंना मुलांना शिकवायला हवीय. काका, ती मी पाठवू शकत नाही. फोनवर तुम्हाला कमी ऐकू येतं, आणि ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही.

आधी चांगलं सांगू द्या. चेण्याच्या एका नर्सरीत मी रोपांना पाणी सोडणारा टायमर बसवलाय. नर्सरीवाले राघोदादा परवा म्हणाले, "तुजा डबा माज्या पोरापरीस बरा हाय, हाक माराया लागत न्हाय." मग विचारलं, कुठल्या कॉलेजचा? म्हटलं, भाईंदरची इंद्रलोक वसाहत, काशीनाथकाकांचं जेवणाचं टेबल. ते हसले, पण मी खोटं कुठं बोललो? आयटीआय अर्ध्यात सोडलेल्या, कुठंच धड न टिकणाऱ्या मला तुम्ही तिथं बसवलंत. मंदाकाकू पानं घेऊन उभी राहायची, "ती तापलेली सळई उचला आधी, मग भात वाढते." टेबलावरच्या मेणकापडाला सोल्डरिंगची किती भोकं पडली, पण तिनं ते कधी बदललं नाही. भोकांवर वाट्या ठेवायची.

कोऱ्या चिपमध्ये प्रोग्राम घालायला प्रिंटरच्या पोर्टात लावायची ती जाड केबल लागते, हे तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलंत. तिनं एकदाच बूटलोडर घालायचा आणि केबल पेटीत ठेवून द्यायची. मग साध्या सिरियल केबलनं हवे तेवढे प्रोग्राम बदला. रिसेट दाबला की बूटलोडर आधी जरा थांबतो, लाल दिवा लुकलुकवतो, नवं काही येतंय का बघतो, आणि काही आलं नाही तर जुनं काम सुरू करतो. पहिला महिना मला ते जमेचना. रिसेट दाबून कीबोर्डकडे वळायचो, तेवढ्यात खिडकीतून समोरच्या गच्चीवरचा पतंग दिसायचा, वळून बघतो तर दिवा बंद. पुन्हा रिसेट, पुन्हा तेच. तुम्ही नुसता चष्मा पुसायचात. मग एका सोमवारी अचानक जमायला लागलं. पतंग बघूनही वेळ उरायचा. हात बसला एकदाचा, असं मी अख्ख्या बिल्डिंगला सांगत फिरलो. काकूनं शिरासुद्धा केला होता.

आता जे सांगायचं ते सांगतो. तुम्ही गावाला गेलात, जाताना बोर्ड माझ्या हातात दिलात, "ठेव आहे, सांभाळ." पंधरा दिवससुद्धा सांभाळला नाही. प्रत्येक वेळी चालू करताना तो दिवा इतका वेळ लुकलुकत बसतो, याचा मला कंटाळा आला. म्हटलं, मधला दरवान नकोच, थेट आत जाऊ. पेटीतली जाड केबल काढली आणि माझा प्रोग्राम सरळ घातला. ती केबल भरायच्या आधी चिप अख्खी पुसून काढते, हे तुम्ही सांगितलं होतं. मी तेव्हा बहुतेक पतंग बघत होतो. तुमचा बूटलोडर गेला. पुढे तुम्ही दर फोनला विचारलंत, बोर्ड कसा आहे, आणि मी दर वेळी ओरडून सांगितलं, मस्त आहे काका.

कार्ड आल्यावर सायबर कॅफेतून दुसरा बूटलोडर उतरवला. घालताना चिपच्या आतल्या घड्याळाचं सेटिंग चुकवलं, चिप मेल्यासारखी पडली. दुसऱ्या चिपमधून तिला बाहेरून घड्याळाचे ठोके दिले, तेव्हा चौथ्या दिवशी उठली. पण कॅफेतला हा बूटलोडर दोनच सेकंद थांबतो. रिसेट दाबला, वळलो, खालून भंगारवाल्याची हाक आली, दिवा बंद. पुन्हा तेच. पाचव्यांदा चुकल्यावर मला उमगलं. तुमचा बोर्ड दहा सेकंद थांबायचा काका. पहिल्या महिन्यात नव्हता थांबत. त्या रविवारी मी घरी गेल्यावर तुम्ही वेळ वाढवून ठेवलात आणि सोमवारी माझं कौतुक करत शिरा खाल्लात. माझा हात कधी बसलाच नव्हता. मला आजवर पुष्कळांनी हाकललं, माझ्यासाठी थांबलं कोण? मी ते ओळखलं नाही, वर उशीर लावतो म्हणून पुसून टाकलं. त्यासाठी माफी मागायची होती, पण लिहायला बसलो ते आभार मानायला. नव्या बूटलोडरमध्ये मी दहा सेकंद घातलेत. तुमचा नाही तो, तुमच्यासारखा आहे. सुगंधाबाईंना पुरेल. बोर्ड आणि सीडी या पत्राबरोबर कुरियरनं...

काका, दार वाजलं म्हणून उठलो होतो. मंदाकाकू! तीन मजले चढून धापा टाकतेय. म्हणते, "पत्र नाही, फोन नाही, जिवंत आहेस की नाही बघायला आलो. डॉक्टरांना डोळेही दाखवायचेत." तिनं टेबलावरचा बोर्ड बघितला, मी रिसेट दाबला, ती दिवा विझेपर्यंत बघत राहिली आणि म्हणाली, "आमच्या ह्यांच्यासारखाच लुकलुकतोय." आणि तुम्ही म्हणे गुडघ्यांमुळे खाली रिक्षातच बसलायत. तोंड दाखवावं लागू नये म्हणून लिहिलेलं हे पत्र आता मलाच खाली आणून द्यायचंय. बोर्डही आणतोय. काकू म्हणतेय, "चल लवकर, मीटर पडतंय," पण तुम्ही थांबाल, मला माहीत आहे.

तुमचाच,
निकेत