आबांची बस आम्ही आधीच पाहिली

१९ एप्रिल
पार्थचा शेवटचा पेपर झाला एकदाचा. आरूचे तर कधीच संपले, दुसरीला कसले पेपर! घरात आता एकच विषय: मुंबईचं बसचं म्युझियम. सासरे आणि नातवंडं, तिघंही एका वयाची झालीत.
आबांनी सगळी नोकरी मुंबईत सिटी बसवर काढली, कंडक्टर म्हणून. राहायला खोली, खोलीत मूळ गावचे, रनाळ्याचेच गडी. बायको-पोरं गावाला. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नि दिवाळीला यायचे, तेही पाहुण्यासारखे. आज जेवताना म्हणाले, "मन्हा पोरेस्नी मन्ही गाडी कधी देखी नही. नातवंडेस्ले मी सोता दखाडसू."
हे खाली मान घालून जेवत होते. बापाच्या तोंडून असलं काही आलं की यांना भाजी फार आवडायला लागते.
कॉलेजात रजेचा अर्ज टाकला. हेडक्लार्क कुरकुरले. कुरकुरू देत.

२६ एप्रिल
रनाळ्याला भाऊबंदांत लग्न. लिहू की नको...
पंगतीत आबांचं धोतर ओलं झालं. पान संपलं तरी उठेनात. आजूबाजूचे उठले, वाढपी पत्रावळी उचलायला आले, तरी आबा आपले बसून. माझ्या लक्षात सगळ्यांत आधी आलं. आणि मी उठले नाही. बायकांच्या पंगतीत शेव-भाजी कालवत बसले, जणू ते माझे कोणी नव्हेतच. शेवटी हे गेले, उपरणं गुंडाळून त्यांना बाहेर आणलं.
मागून एक बाई दुसरीला: "सून नोकरीवाली शे ना. कोन देखस म्हाताराले!"
अंगाची लाही लाही झाली. रोज चादरी कोण धुतं? गोळ्या कोण देतं? ये म्हणावं एक दिवस, धुवून दाखव.
येताना गाडीत आबा खिडकीशी बसले. आबा फक्त एवढंच म्हणाले, "लगीन चांगलं झायं." डोळे बाहेर.

२ मे
परवा आखाजी झाली. खापरावरची पुरणपोळी, रस. आबांनी अर्धीच खाल्ली. लग्नापासून घराबाहेर पडले नाहीत. पारावर दोस्त वाट बघतात, आबा जात नाहीत.
आज यांना सांगून टाकलं. आबांना मुंबईला न्यायचं नाही. गाडीत कसं करायचं, माझ्या मावसबहिणीच्या दोन खोल्यांच्या घरात कसं करायचं, म्युझियममध्ये लोकांदेखत झालं तर कसं करायचं. मला दोन दिवस हवेत, ज्यात मी कोणाची चादर धुणार नाही. एवढं मोठं मागणं आहे का हे?
यांनी "बघ बुवा तू" म्हटलं. झालं! माझ्यावर ढकलून मोकळे. ते "नाही" म्हणाले असते तर मी भांडले असते, रडले असते आणि आबांची बॅगही भरली असती. मला माहीत आहे.
दुपारी आबांजवळ जाऊन म्हटलं, "आबा, म्युझियम बंद आहे म्हणे. दुरुस्ती चाललीय. दिवाळीत जाऊ." जीभ अडखळली नाही. कुठून आली ही हुशारी?
"बरं शे," म्हणाले. "ऊन बी बहू शे. दिवाळीले जासूत." आणि वर पार्थला त्यांनीच समजावलं, की जुन्या गाड्यांना रंग द्यायला वेळ लागतो, घाई करून चालत नाही.
पार्थला खरं मी नंतर सांगितलं. आरूलाही. आणि गप्प राहायलाही.

१४ मे
निघालो. सारंगखेड्याहून नणंद आल्या आबांजवळ राहायला. त्यांना सगळं माहीत. स्वयंपाकघरात मला म्हणाल्या, "वहिनी, बापले एकदा विचारी तर पाहातीस. कदाचित तोच नही म्हनता." मी डबे भरत राहिले.
खरी भीती निघतानाची होती. आबा विचारतील कुठे चाललात, तर काय सांगायचं? रात्रभर जुळवलेलं उत्तर तयार होतं. धुळ्याला, माझ्या माहेरी.
विचारलंच नाही त्यांनी. आमच्याकडे निघालेल्या माणसाला "कुठे" म्हणून विचारत नाहीत, अपशकुन होतो. आबा तर या बाबतीत फार कडक. बॅगा दारात, रिक्षा उभी, मुलं नव्या कपड्यांत. आणि आबा हातात दह्याची वाटी घेऊन उभे. दोघांच्या तळहातावर दही-साखर ठेवली. मला एवढंच म्हणाले, "लांब शे का?"
"जवळच," मी म्हटलं.
"हळू जा. पोरेस्ना हात सोडजो नका."
अपशकुन व्हायला नको म्हणून त्यांनी विचारलं नाही, आणि त्या आडोशाने मी निसटले. रिक्षात आरू हात चाटत होती.

१५ मे, मुंबई
म्युझियम. डेपोच्या आवारातच आहे. छान आहे, म्हणजे खूपच छान. ट्रामची मॉडेल्स, घोड्यांनी ओढायच्या ट्रामसुद्धा. डबलडेकर. मार्गांच्या जुन्या पाट्या. काचेत खाकी ड्रेस, चामड्याची पिशवी, रंगीत तिकिटांची पेटी, तिकिटाला भोक पाडायचा चिमटा.
आरू ड्रेससमोर उभी राहिली आणि म्हणाली, "यात आबा घाल ना." म्हणजे आबांना घालून बघायचं होतं तिला.
पार्थ तिथल्या काकांना अभिमानाने: "माझे आबा कंडक्टर होते!"
काका एकदम खुलले. "अरे वा! कुठला डेपो? कुठल्या लाइनला होते?"
पार्थने माझ्याकडे पाहिलं. मी यांच्याकडे. हे म्हणाले, "बहुतेक... त्या पूर्वेकडच्या कुठल्या तरी." बहुतेक! पोटचा पोरगा, आणि बापाचा डेपो माहीत नाही. पार्थ म्हणाला, "पप्पा, फोन लावा ना आबांना. लगेच सांगतील."
यांनी खिशातून फोन काढला. हातात धरून उभे राहिले. मग परत खिशात घातला आणि खिडकीकडे गेले. मी गेले नाही जवळ.
काका आपले साधेपणाने बोलत होते. "त्यांना का नाही आणलं? जुने लोक येतात की. आम्ही खुर्ची देतो, निवांत बसवतो. फार बोलतात हो, आम्हालाच माहिती देतात." मी म्हटलं, तब्येत बरी नसते.
स्वच्छतागृह दारालगतच आहे. पायरीसुद्धा नाही. मी मुद्दाम जाऊन पाहिलं. कशाला पाहिलं कोण जाणे.
मुलांनी घंटेची दोरी ओढली. फोटो काढले नाहीत. मीच नको म्हटलं, आबा मोबाइल बघतात म्हणून.

१७ मे
घरी. आबा ओट्यावर वाट बघत बसलेले. नणंद म्हणाल्या, सकाळपासून आत यायला तयार नव्हते. आबांना त्यांनीच धुळ्याचं, मामाकडचं सांगून ठेवलं होतं.
पार्थला जवळ घेऊन: "मामाना घर आंबा खादात का?"
"हो आबा. खूप खाल्ले. केशर होते."
माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही त्याने. इतकं सफाईदार! वर "केशर" जोडून दिलं. हे मी शिकवलेलं नव्हतं, पण शिकला तो माझ्याकडूनच.

२१ मे
दुपारी अंगणात बस-बस खेळणं. खुर्च्या एकामागे एक, आरू कंडक्टर. आबा पॅसेंजर म्हणून शेवटच्या खुर्चीत. आरू सारखी एकच घंटी देत होती, तर आबा: "एक दिधी म्हनजे थांब. दोन दिधी म्हनजे चाल. देख, दिवाळीले तठे दोरी दखाडसू तुले."
आरूचं तोंड उघडलं होतं. दोरी तिने ओढलीय! पार्थने तिच्या पायावर पाय दिला. आबांना दिसलं नाही. मला दिसलं.
आबा बरेच बरे वाटतात मात्र. चादर रोज कोरडी. आज चौथा-पाचवा दिवस असेल. यांना म्हटलंही, बघा, नवीन गोळी लागू पडली. मशीन नाही लावावं लागलं. फार बरं वाटलं मला.

२५ मे
शहादा, दवाखाना. आबांना सलाइन.
सकाळी चहाला उठवलं तर ओळखेनात. मला गेलेल्या सासूबाईंच्या नावाने हाक मारली. अंग भट्टीसारखं. लघवीला इन्फेक्शन, पाणी पार कमी झालंय. डॉ. माझ्यावरच ओरडले, "या उन्हाळ्यात म्हाताऱ्या माणसाला पाणी देत नाही का तुम्ही?"
देत होते हो. तांब्या रोज भरून ठेवत होते उशाशी. तो रोज तसाच असायचा आणि मी ते पाणी रोज तुळशीला घालत होते. कोरड्या चादरीच्या आनंदात मला तांब्याचं काही दिसलंच नाही.
ऊन मरणाचं. इथे पंखा गरम हवा फेकतो. हे बाहेर बाकावर बसलेत. देवा, एवढ्या वेळी सोड.

२७ मे
ताप उतरला. शुद्धीवर आहेत. बोलतात.
डॉ.नी विचारलं, बाबा, पाणी का सोडलं? तर आबा हसून, चक्क हसून: "डूटीवर पानी कोन पेस? गाडी काय आपलेकरता थांबस?" कंडक्टरांची रीतच म्हणे ती. सकाळी घोटभर प्यायचं आणि पाळी संपेपर्यंत कोरडं राहायचं. भर गर्दीतून उतरायचं कुठे, जायचं कुठे? हळूहळू सवय होते.
मग माझ्याकडे वळून, हळू आवाजात: "मी सवय करी ऱ्हायनू व्हतू. दिवाळीले मुंबईले जानं शे ना. रनाळाले व्हयनं तसं तठे नको. तुले खाले देखनं पडी."
तुला खाली बघावं लागेल. म्हणजे त्या दिवशी पंगतीतून त्यांनी मला पाहिलं होतं. मी बसून राहिलेली त्यांना दिसली होती.
मी संत्रं सोलत होते. सोललं, फोडी केल्या, बिया काढल्या. यांनी भिंतीकडे पाहिलं. आम्ही नवरा-बायको एका माळेचे मणी.
लाज वाटते. नुसती लाज नाही, स्वतःची किळस येते.

३० मे
घरी आणलं. पाणी दर थोड्या वेळाने मी हातात पेला देऊन पाजते, समोर उभी राहून. लहान मुलासारखे ऐकतात. चादरी पुन्हा ओल्या. धुते. या धुण्याचं आता काही वाटत नाही, उलट बरं वाटतं, आणि तसं वाटतं याचाही राग येतो. धुतल्याने काय फिटणार आहे?
आबांनी यांना विचारलं, "मुझियम उघाडनं का रे?"
यांच्या तोंडून गेलं, "उघडलंय आबा. पंधरा दिवसांत जाऊ. शाळा सुरू व्हायच्या आत."
आबांचा चेहरा! पारावर गेले संध्याकाळी, काठी टेकत. रनाळ्याच्या लग्नानंतर पहिल्यांदा.
मी यांना घेतलं फैलावर. दवाखान्यातून येतानाच खरं सांगायचं ठरलं होतं आपलं! हे म्हणाले, "तू सांग ना मग. मी त्यांच्या तोंडाकडे बघून नाही सांगू शकत." मीही नाही सांगू शकत. डॉ. म्हणतात, डायपर लावा, पाणी द्या, खुशाल न्या. एवढं सोपं होतं तर! तेव्हाही एवढंच होतं.

२ जून
तिकिटं काढली, सगळ्यांची. आबांनी न्हाव्याला घरी बोलावून दाढी-केस केले. आरूला सांगत होते की खाकी ड्रेस कसा असतो, पिशवी कुठल्या खांद्यावर. आरू ऐकत होती. शहाणी झालीय माझी पोर, "मी बघितला" म्हणाली नाही.
यांचं म्हणणं, म्हाताऱ्याला एवढा आनंद झालाय, कशाला मोडता घालायचा? जाऊ, बघू, येऊ. कोणाचं काय बिघडतं? माझंही मन तिकडेच झुकतंय. पण ते काका आम्हाला ओळखतील. "या, या, परत आलात?" म्हणतील. त्या वेळी आबांच्या तोंडाकडे कोण बघणार? आणि नाही ओळखलं तरी... आबांना आपल्या माणसांना पहिल्यांदा दाखवायचं होतं. जन्मभर नातेवाइकांच्या पंगतीत "मुंबईवाला" म्हणून बसले आणि एकाही माणसाने त्यांची गाडी पाहिलेली नाही. ते 'पहिल्यांदा' मी खर्चून टाकलं. आता कुठून आणू?
आज घरी असताना सांगायचंच ठरवलं होतं. सकाळी त्यांना देवपूजेत गाठलं, म्हटलं पूजा होऊ दे. मग पारावरचे दोस्त आले. मग जेवण. जेवणावर कशाला म्हटलं.
आत्ता चहा ठेवलाय. पार्थ आत आला, फ्रीजला टेकून उभा राहिला. म्हणाला, "आई, आबा तिथे ट्राम दाखवतील ना, तेव्हा मी 'अरे वा' म्हणू, की आधी 'हे काय आहे' विचारू?"
काही खोडी नव्हती त्याच्या बोलण्यात. नाटकात काम मिळाल्यासारखं नीट विचारत होता. आरूला मी शिकवतो, म्हणाला, ती विसरेल.
मी म्हटलं, "आधी विचार."
म्हटलं मी हे. माझ्याच तोंडाने.
चहा उकळलाय. आबा ओट्यावर एकटेच आहेत. दोस्त गेलेत, हे शेतावर. दोन कप भरलेत. जाते.