डाव्या डोळ्याखालची क्रीम

चिमणे,

आरशापाशी क्रीमची ट्यूब ठेवली आहे. सोमवारी कामावर परत जाशील तेव्हा रडलेले डोळे कुणाला दिसू नयेत, म्हणालीस ना! औषधवाल्या बाई म्हणाल्या, यातले ग्रोथ फॅक्टर त्वचेला दुरुस्तीची आठवण करून देतात. वासाने तुझे डोळे चुरचुरतात, म्हणून बिनवासाची घेतली. आठवडाभर मीच डाव्या डोळ्याखाली लावून पाहिली. शिकवणीची पोरं रोज भिंगातून तपासत होती. काल निकाल लागला: "सर, दोन्ही डोळे सारखेच म्हातारे!" पण पुरळ आलं नाही, तेव्हा बिनधास्त लाव.

फरक दिसायला तीन महिने लागतात म्हणे. तोवर रडू आलं तर खुशाल रड, फक्त आतून कडी लावू नकोस.

शिकवणीच्या पोरांना मैदानावर सोडून लगेच येतो.

बाबा