न पुसली जाणारी ओळ

सोमवार, ३ मार्च

दुपारी जळकोटला उतरलो. हायवेपासून विहीर चालत पाच मिनिटांवर. शेजारची पंपाची खोली मला कामाला दिली आहे. टेबल, पंखा, दारासमोर गावाकडे जाणारी वाट, मागे काढणीला आलेली ज्वारी. पुण्याच्या ऑफिसात मला खिडकीसुद्धा नाही. बरं वाटलं.

काम छोटं आहे. विहिरीतला सेन्सर दर मिनिटाला पाण्याची पातळी मोजतो आणि खोलीतला डबा ती फ्लॅश चिपवर लिहून ठेवतो. जुनी चिप बाजारात मिळेनाशी झाली, म्हणून दुसऱ्या बनावटीची बसवली. डब्याची ऑपरेटिंग सिस्टिम तिला ओळखत नाही. चिपशी बोलणाऱ्या प्रोग्राममध्ये, म्हणजे ड्रायव्हरमध्ये, तिची नोंद करायची आणि परतायचं. दोन दिवस पुरे.

गावाला पाणी सोडणारे वीरप्पा किल्ली घेऊन आले. साठीचे, काटक. डबा निरखून म्हणाले, लई शिकलेला दिसतुया. म्या दोरीला गाठी मारून मोजतो, मला चिप लागत न्हाय. बरोबर नात होती, शिवरंजनी. सात वर्षांची. शाळा सुटली की आजोबांना शोधत विहिरीवर येते.

मंगळवार, ४ मार्च

ड्रायव्हर चिपला तिचा ओळख क्रमांक विचारतो आणि आपल्या यादीत शोधतो. मी यादीत क्रमांक घातला, आकार घातला, एका वेळी किती भाग पुसायचा ते घातलं. अकरा वेळा प्रोग्राम नव्यानं बनवून डब्यात चढवला. अकरा वेळा तेच उत्तर: अनोळखी चिप. बाराव्यांदा ओळखली, पण वाचलेलं सगळं कचरा.

पुण्याच्या ऑफिसातून प्रीती मॅडमचा फोन. माझ्या टेबलावर चालतं, तुझ्याकडंच कसं अडतं, म्हणाल्या. असेच चाळीस डबे थांबलेत, शनिवारपर्यंत हवं.

संध्याकाळी चूक सापडली. चिपच्या माहितीपत्रकात आकार बिटमध्ये होता, मी बाइट धरला. आठपट मोठी चिप समजत होतो. स्वतःचाच राग आला.

बुधवार, ५ मार्च

चाललं. पंप दुपारी दोनला आपोआप सुरू होतो, त्यामुळे सकाळी पाणी स्थिर असतं. दहा वाजता वीरप्पा विहिरीच्या भिंतीतल्या कड्या धरून उतरले आणि बुडी मारून सेन्सरवरचं शेवाळ पुसलं. चिपवर नोंद आली: नऊ मिलिमीटर वर. ते बाहेर आले: नऊ खाली. माणूस पाण्यात गेला की तेवढं पाणी चढतं. मी दाखवलं तर म्हणाले, मंग तुमी उतरला तर विहीर उतू जाईल की.

निघण्याआधी यादी पुन्हा चाळली. शेवटी एक ओळ जास्तीची. शनिवार, ८ मार्च, ११:२०. नऊ वर. पुढं उतार नाही.

शनिवार अजून यायचाय. बसचं तिकीट रद्द केलं.

गुरुवार, ६ मार्च

आकार तपासला. घड्याळ तपासलं. केबल बदलली. लेखनबंदी काढली आणि पूर्ण चिप पुसली. पुसलेल्या चिपवर सगळीकडे एकच अक्षर दिसतं, एफ. दिसलंही. मधे ती ओळ.

सात वेळा पुसली.

पाकिटातली कोरी चिप काढून बसवली. तिच्यावर आजवर कुणी काहीच लिहिलेलं नाही. वाचली. तीच ओळ.

प्रीती मॅडम म्हणाल्या, एका ओळीसाठी काय रडतोस, वगळ आणि गाडी पकड.

शुक्रवार, ७ मार्च

वीरप्पांना विचारलं, पाणी नऊ चढलं आणि उतरलंच नाही, तर काय समजायचं. त्यांनी चेष्टा केली नाही. म्हणाले, म्हंजी गडी आतच ऱ्हायला.

उद्या विहिरीवर येऊ नका, म्हटलं. व्हय म्हणाले. नळदुर्गला पाहुण्यांकडं जातो.

ते गेल्यावर चिप वाचली. ओळ बदलली होती. शनिवार, ११:२०. तीन वर. उतार नाही.

पुन्हा आकार बघितला, पुन्हा घड्याळ. मग कळलं. नऊ म्हणजे वीरप्पा. तीन म्हणजे त्यांच्या वजनाचा तिसरा हिस्सा.

त्यांच्या घरी गेलो. सून शिवकांता भाकरी थापत होती. उद्या शिवरंजनीला घराबाहेर सोडू नका, म्हटलं. सकाळची शाळा हाय, सुटली की घरातच ठेवते, म्हणाली. तिनं कारण विचारलं. मी पुन्हा तेच सांगून निघालो.

शनिवार, ८ मार्च

१०:४५. शाळेत गेलो. लवकर सुटली म्हणे. घरी गेलो. अजून आली नाही.

११:०२. शिवकांता गल्लीत शोधतेय. मी विहिरीवर परत. लॅपटॉप दारात घेऊन बसलोय. वाट इथून पूर्ण दिसते.

११:१०. वाचलं. आता चार ओळी.
११:२० तीन वर.
११:२१ बारा वर.
११:२६ तीन खाली.
चौथी ओळ, दुपारी दोन. पंप सुरू. बारा अजून आत.

बारा. माझं वजन शहाऐंशी किलो. दोनदा गणित केलं. मला पोहता येत नाही —

११:१४. साडेअकराची बस आहे. बॅग खांद्याला लावली. वाचलं. फक्त तीन. उतार नाही.
बॅग खाली ठेवली. वाचलं. चार ओळी.

११:१७. वाटेवर कुणी नाही. वीरप्पांचा फोन बंद. सेन्सर उपटून काढला तर — नाही. ओळ सेन्सरची नाहीच.

११:१९. कुणी नाही. कदाचित घरी —

११:२०. ज्वारीतून आली. मागच्या बाजूनं. आजोबा अशी हाक मारली, कठड्यावर वाकली. मी ओरडलो —
आवाज.
तीन.

११:२१ —