आईने पुसून काढलेला पुरावा

तीर्थस्वरूप मामांस,

उभ्यानेच नमस्कार. (वाकून केला असता, पण कंबर धरली आहे, का, ते पुढे येईलच.) तुमचा रक्तदाब आणि मामींचा पारा, दोन्ही ताब्यात असतील अशी आशा आहे. आमच्याकडे कशाचाच ताबा राहिलेला नाही.

आई मागे ओट्यापाशी चक्कर येऊन पडली, ते तुम्हाला ठाऊकच आहे. डॉक्टरांनी बजावलं की हृदयावर ताण येतोय, आता कामाला हात लावायचा नाही, पुन्हा पडलात तर अवघड होईल. पण घरात राहून आई स्वस्थ बसणार म्हणजे तुम्ही कोर्टात गप्प बसण्यापैकीच. म्हणून एका एजंटामार्फत समुद्राकाठी आठवडाभर खोली घेतली. तळमजला, समोर समुद्र, आणि आईंना इकडची काडी तिकडे करावी लागणार नाही, असं त्याने गळ्याशपथ सांगितलं होतं.

पोहोचलो तर खोली वरच्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद. समुद्र होता, पण न्हाणीघराच्या खिडकीतून, तोही बादली पालथी घालून वर चढल्यावर. भिंतीला बुरशी, चादरीवर आधीच्या पाहुण्यांचे केस, आणि मोरीत (जाऊ दे, मामी वाचतील). जिना चढून आई पांढरीफटक पडली होती. तिला बायकोच्या हवाली केलं आणि मी तरातरा खाली गेलो. मॅनेजर म्हणाला एजंटाशी बोला, एजंट फोनवर म्हणाला मॅनेजरशी बोला. मी दोघांनाही तुमचं नाव सांगितलं. कोणी घाबरलं नाही. (राग मानू नका.) मग तुम्हाला फोन केला, तेव्हा तुम्ही बजावलंत की तक्रार तिथल्या तिथे लेखी दे, पोच घे आणि खोलीचे फोटो काढ, फोटो नसतील तर उद्या दोघेही कानावर हात ठेवतील. तेवढं मी वर फोन करून बायकोला सांगितलं. इथेच घात झाला.

पोच घेऊन धापा टाकत वर आलो, दार उघडलं, तर फिनेलचा वास. आईने पदर खोचलेला. बायको स्टुलावर चढून जळमटं काढतेय. बुरशी गायब, मोरी लख्ख, पलंगावर घरच्या चादरी. (चादरी आणि फिनेल आईने घरूनच आणलं होतं, कपड्यांच्या खाली दडवून.) मी कपाळाला हात लावला. तर आई मलाच म्हणते, "फोटो काढणार आहेस ना? मग ही घाण फोटोत येऊ द्यायची? लोक काय म्हणतील?" आणि वर मला कपाट सरकवायला लावलं. कंबर तिथेच गेली.

मी कण्हत वळलो, तर आई पलंगाच्या कडेला टेकली होती. ओठ पांढरे, कपाळावर घाम, हात छातीवर. दुसऱ्या हातातलं फडकं मात्र सुटलं नव्हतं. बायको डॉक्टरांना बोलवायला धावली. डॉक्टर येईपर्यंत मी तिचा हात धरून बसलो होतो आणि ती मला कपाटाखालचा कचरा दाखवत होती. थोडक्यात निभावलं. परत आलो.

एवढं होऊन, काहीतरी पुरावा हवा म्हणून मी निघताना काढलेले त्या लख्ख खोलीचेच फोटो एजंटाला धाडले. त्याने आभार मानले आणि ते आपल्या जाहिरातीत टाकले. तेव्हा कृपा करून त्याला अशी नोटीस ठोका की त्याची बोबडी वळली पाहिजे.

तुमचा भाचा

ता. क. नोटीस तूर्त थांबवा. तक्रारीच्या पोचेने एजंट नरमला आहे. माफी मागून त्याने तीच खोली आठवडाभर फुकट देऊ केली. मी फोन आपटणार, तोच आईने हो म्हणून टाकलं. तिचं कपाटामागचं राहिलंय म्हणे. बॅग भरून झाली आहे, आणि सगळ्यात वर फिनेल आहे.

ता. क. दुसरा. मला फार भीती वाटते हो. खरं तर हे पत्र मामींसाठीच आहे. त्या आपल्या स्वयंपाकघरात कोणाला भांड्यालाही हात लावू देत नाहीत, आणि याच रागापायी आई तुमच्याकडे राहायला येत नाही. लगेच येऊन तिला घेऊन जा. मामींना म्हणावं, स्वभावात काडीचाही बदल करू नका, आईला ओट्यापासून नेहमीसारखंच हाकला. फक्त दारातून हाकलू नका.