सतरा कुंड्या चकाचक

सोलापूर, रविवार सकाळ

प्रिय अज्जी,

शरणु शरणार्थी! गुडघा कसा आहे? वळसंगला काकांकडे राहायला गेल्यापासून फोनवर तू नुसतं हं हं करतेस आणि फोन काकांच्या गुरुला देतेस, म्हणून हे पत्र. (माझं मराठी अक्षर इंग्लिश मीडियमचं आहे. गुरु वाचून दाखवेलच.)

बातमी मोठी आहे, बसून ऐक. गच्चीवरच्या तुझ्या सगळ्या जुन्या कुंड्या मी एकटीनं धुतल्या. सतरा! मम्मी नव्या प्लास्टिकच्या आणणार होती, मी म्हटलं, नो वे, अज्जीच्या मातीच्या कुंड्या अजून पन्नास वर्षं चालतील. आधी माती ओतून काढली, कोरड्या ब्रशनं झाडलं, मग व्हिनेगरच्या पाण्यात भिजवल्या. (टब पप्पांच्या आंघोळीचा होता. ते ऑफिसला गेले तेव्हा अंगाच्या वासावरून साहेबांनी विचारलं म्हणे, नाश्त्याला चायनीज खाल्लं का?) आपल्या बोअरच्या पाण्यानं कुंड्यांवर क्षाराचा काय थर बसतो माहितीये ना? नारळाच्या शेंडीनं इतकं घासलं की शेजारच्या बजाबाई गच्चीतून ओरडल्या, "अगं, लगीन हाय का कुंड्यांचं?" मी म्हटलं, व्हय, तुम्ही पण या की!

एका कुंडीवर तर क्षार सरळ तीन रेघांत बसला होता, पट्टीनं आखल्यासारखा. तास लागला, पण काढलाच. आत कुणीतरी सुकलेला कांदा टाकून दिलेला, तो ओल्या कचऱ्यात गेला. घंटागाडीवाले काका म्हणाले, असा वेगवेगळा कचरा अख्ख्या गल्लीत कुणी देत नाही. मी लई खूश!

आता सगळ्या उन्हात ओळीनं उभ्या आहेत, नव्यासारख्या लाल. कधी एकदा तू बघतेस असं झालंय.

तुझी गार्डनर नात,
उर्वी

ता. क. (फक्त गुरुसाठी. हे मोठ्यानं वाचू नकोस!) गुरु, मेले. पप्पा आत्ता गच्चीत आले आणि विचारलं, तीन रेघांची कुंडी कुठाय? त्या रेघा आपले अज्जा होते तेव्हा त्यांनी चुन्यानं ओढल्या होत्या, कपाळावरच्या विभूतीसारख्या. आणि तो कांदा नव्हता, त्यांनी लावलेल्या लाल लिलीचा कंद होता. मे महिन्यात चेंडूएवढं फूल येतं ना, तीच. ते बघायला अज्जी दरवर्षी तिथंच खुर्ची टाकून बसते. जाताना तिनं त्या कंदाचं एक पिल्लू वळसंगला नेलंय, हौदाजवळ लावलंय. ते हळूच उकरून वळसंगच्या गाडीवाल्या तिप्पण्णाकाकांच्या हाती पाठव. हे पत्र तेच आणतायत. रेघांचा आणि कांद्याचा पॅरा गाळून वाच, प्लीज. चुना आणून रेघा मी परत ओढते.

ता. क. २ : मम्मी म्हणते, अज्जीला चष्मा लावून सगळं वाचता येतं. गुरु शेजारी येऊन बसावा म्हणून ती त्याच्याकडून वाचून घेते, पण आधी स्वतः दोनदा वाचते. खाली तिप्पण्णाकाका गाडी चालू करून हॉर्न देतायत, दुसरं पत्र लिहायला वेळ नाही.

म्हणजे अज्जी, तुला कळलंच. सॉरी. खूप सॉरी. गुरुला उकरायला सांगू नकोस, तो मुळं तोडेल. पिल्लू तूच घेऊन ये. रेघा पण तूच ओढ, माझा हात सरळ चालत नाही. ती कुंडी मी रिकामी ठेवलीये, शेजारी तुझी खुर्ची पण.

पण एक खरं सांगते, आतून बाहेरून चकाचक आहे.