तपकीर, मेंदूतले पहारेकरी आणि मी

३ मार्च
मी सांगते, सून लिहिते. मधे स्वतःचं काही घालायचं नाही, असं बजावलंय. नातीच्या लॅबमध्ये व्यसन सोडवायच्या औषधाची चाचणी आहे. माणसं कमी पडत होती, पोरीचा चेहरा उतरला, म्हणून मी उभी राहिले. मला व्यसन नाही. तपकीर ओढते ती डोकं साफ राहावं म्हणून.

५ मार्च
नातीने समजावलं. मेंदूत पहारेकरी पेशी असतात. त्यांच्या अंगावर रिसेप्टर, म्हणजे दाराला कडी असते तसे. नशा ती कडी वाजवते, पहारेकरी गलका करतात, तलफ वाढते. गोळी कडी धरून बसते. उंदरांत जमलंय, आता माणसांत बघायचं. म्हटलं, माझे पहारेकरी सासूबाईंच्या धाकात वाढलेत, गलका कसला करतात. आजपासून चार आठवडे गोळी चालू, तपकीर बंद, शेवटी स्कॅन. डबी सुनेच्या हवाली केली.

८ मार्च
भिंतींचा रंग भिकार आहे. मुलगा जेवताना मचमच करतो. इतकी वर्षं लक्षातच आलं नव्हतं. गोळीने नजर आणि कान दोन्ही सुधारतात, नातीला कळवायला हवं.

१५ मार्च, दुपार
डबी कुठे ठेवलीस म्हणून सुनेला सहज विचारलं. तिने सहज सांगितलं नाही.

२४ मार्च
सुटली. खरं तर धरलीच कुठे होती. शेजारीण अजून ओढते, बिचारी. तिला तासभर उपदेश केला आणि तिची डबी जप्त करून आणली, तिच्याच भल्यासाठी. उशाखाली सुरक्षित आहे.

३० मार्च
नातीच्या मॅडम म्हणतात, या वयात नाद सुटत नाही, आजींना वगळ. नात भांडली म्हणे. माझा स्कॅन नीट आला, तरच म्हातारी माणसं पुढच्या चाचणीत घेणार. म्हटलं, तू निवांत झोप.

२ एप्रिल
स्कॅन. आत जाताना एकच चिमूट घेतली, मन स्थिर राहावं म्हणून. नळकांड्यात सरकवलं, डोकं तसूभरही हलवू नका म्हणाले. आणि शिंका सुरू झाल्या. एकीला आवरावं तर दुसरी हजर. जन्मात कधी तपकिरीने शिंकले नव्हते.
फोटोत मेंदूच्या जागी नुसता ढग. नात हसून हसून खाली बसली, मग डोळे पुसले. म्हणाली, "आजी, मुरलेल्या नाकाला शिंक येत नाही. तू खरंच सोडली होतीस गं."
मी म्हटलं, बघ.
"आणि आज घेतलीस."
मॅडमनी अजून एक संधी दिलीय, पण पहिल्यापासून. मी विचारलं, आजपासून की उद्यापासून? पोरीने नुसता हात पुढे केला. पिशवीतून शेजारणीची डबी काढून दिली.
"दुसरी? तुझी स्वतःची?" म्हणाली.
दिली.